कॅप्टन कोरमचा छापील चेहरा

१. मूळ की नक्कल?

जुन्या चित्रांच्या दुकानात, एखाद्या ग्रंथालयाच्या भिंतीवर किंवा कुणाच्या घरच्या ट्रंकेत काळ्या शाईत छापलेलं दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं व्यक्तिचित्र सापडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मूळ आहे की नक्कल? प्रश्न रास्त आहे, पण छापील चित्राला तो जसाच्या तसा लागू होत नाही. रंगवलेलं चित्र एकच असतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे मात्र शेकडो ठसे निघतात आणि त्या पत्र्यावरून निघालेला प्रत्येक ठसा अस्सलच असतो. म्हणून जाणकार माणूस वेगळे प्रश्न विचारतो. पत्रा कुणी कोरला? कशावरून कोरला? आणि हातातला कागद त्या पत्र्यावरून कधी छापला गेला?

या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा त्या कागदावरच असतात. ती कशी शोधायची हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण आहे लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलचा संस्थापक कॅप्टन थॉमस कोरम याचं. नावात हॉस्पिटल असलं तरी ते रुग्णालय नव्हतं; आईवडिलांना सांभाळता न येणाऱ्या तान्ह्या मुलांचं ते वसतिगृह होतं. कोरमचं चित्र विल्यम होगार्थने १७४० मध्ये रंगवलं. १७४९ मध्ये जेम्स मॅकार्डेलने त्यावरून छापील चित्र तयार केलं, आणि १७९६ मध्ये विल्यम नटरने पुन्हा एक. एक माणूस, एक रंगचित्र, दोन पत्रे. शिकायला याहून सोयीचं उदाहरण मला माहीत नाही.

२. हा माणूस कोण?

कोरमचा जन्म १६६८ च्या सुमाराला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस या बंदरगावातला. जहाजं बांधण्याचं काम शिकला, तरुणपणी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये गेला, तिथे जहाजबांधणीचा धंदा केला, बॉस्टनच्या युनिस वेट हिच्याशी लग्न केलं आणि पुढे इंग्लंडला परतला. उतारवयात तो लंडनजवळ रॉदरहाइथला राहत होता. कामासाठी शहरात ये-जा करताना रस्त्याच्या कडेला टाकून दिलेली तान्ही मुलं त्याला दिसत. काही जिवंत, काही मेलेली.

हे दृश्य हजारो लोक रोज पाहत होते. कोरमने ते थांबवायचं ठरवलं आणि त्यापायी सतरा वर्षं खर्ची घातली. अशा मुलांसाठी घर काढलं तर अनीतीला उत्तेजन मिळेल, असं प्रतिष्ठितांचं म्हणणं होतं. कोरमला स्वतःचं मूल नव्हतं, वशिला नव्हता, घराणं नव्हतं. तो बोलायला फटकळ होता. बडे पुरुष दाद देईनात, तेव्हा त्याने उमराव घराण्यांतल्या बायकांचे दरवाजे ठोठावले. १७२९ पासून पुढच्या काही वर्षांत एकवीस स्त्रियांनी त्याच्या अर्जावर सह्या केल्या; पहिली सही सॉमरसेटच्या डचेसची. या सह्यांनी वारं फिरलं. १७ ऑक्टोबर १७३९ रोजी राजा दुसरा जॉर्ज याने संस्थेला सनद दिली.

२५ मार्च १७४१ च्या रात्री हॅटन गार्डनमधल्या भाड्याच्या घरात पहिली तीस मुलं घेतली गेली आणि मध्यरात्रीपर्यंत जागा संपली. बारशाच्या वेळी पहिल्या मुलाला थॉमस कोरम आणि पहिल्या मुलीला युनिस कोरम अशी नावं दिली गेली. ज्या बाईचं नाव त्या मुलीला मिळालं ती कोरमची बायको आदल्याच वर्षी वारली होती.

३. होगार्थने काय रंगवलं?

छापील चित्र वाचण्याआधी ते ज्यावरून काढलं ते रंगचित्र डोळ्यांपुढे हवं. ते आज लंडनच्या ब्रन्सविक स्क्वेअरमधल्या फाउंडलिंग म्युझियममध्ये आहे. माणसाच्या उंचीपेक्षा बरंच मोठं. मागे भक्कम खांब आणि पडदा, दूरवर समुद्र आणि जहाजं. त्या काळी असा थाट राजे आणि सरदार यांच्या चित्रांसाठी राखीव असे. इथे त्या थाटात बसलाय एक जहाजबांधणीवाला म्हातारा: साधा तांबडा कोट, टोप न घातलेलं स्वतःचं पांढरं डोकं, लालसर गाल, आणि जमिनीला जेमतेम टेकणारे आखूड पाय. पायाशी पृथ्वीचा गोल आहे, त्यावर अटलांटिक महासागराची बाजू वर आलेली. शेजारच्या टेबलावर सनद आणि उजव्या हातात त्या सनदेची मोहर.

ती मोहर नीट पाहावी. सरदाराच्या चित्रात त्याचा हात तलवारीवर किंवा जमिनीच्या नकाशावर असतो, म्हणजे वारशाने आलेल्या गोष्टीवर. कोरमच्या हातात सतरा वर्षं पायपीट करून मिळवलेली गोष्ट आहे. आपण रंगवलेल्या व्यक्तिचित्रांत हे चित्र करताना सर्वांत जास्त आनंद मिळाला, असं होगार्थने पुढे लिहून ठेवलं, आणि चित्र पाहताना ते पटतं. त्याने ते संस्थेला भेट दिलं. तो स्वतः संस्थेच्या विश्वस्तांपैकी होता. त्याने आणि त्याच्या बायकोने संस्थेतली मुलं काही काळ घरी सांभाळलीही. त्याच्यामागून इतर चित्रकारांनी आपापली चित्रं दिली आणि ती पाहायला लोक येऊ लागले. लंडनमध्ये समकालीन इंग्रज चित्रकारांचं काम सर्वसामान्यांना बघता येण्याची जी पहिली ठिकाणं झाली, त्यांत हे अनाथालय होतं.

पण भिंतीवरचं चित्र तिथे येणाऱ्यालाच दिसतं. ते गावोगाव पोचवायचं तर छापायला हवं, आणि १७४९ मध्ये छापायचं म्हणजे तांब्याचा पत्रा कोरायला हवा.

४. खड्ड्यातली शाई

तांब्याच्या पत्र्यावरून छापण्याचं तत्त्व सोपं आहे. रबरी शिक्क्यात उठावाच्या भागाला शाई लागते. इथे नेमकं उलट. पत्र्यावर रेघा खोदतात, सगळ्या पत्र्याला दाट शाई फासतात, मग पृष्ठभाग पुसून काढतात. शाई उरते ती फक्त खोदलेल्या जागी. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन जड रुळांच्या मधून पत्रा दाबून काढतात. ओला कागद खाचेत शिरतो आणि शाई ओढून घेतो.

यातून तीन खुणा आपोआप तयार होतात. एक, शाई कागदावर किंचित उंचवट्याने बसते. तिरप्या उजेडात ती दिसते. दोन, पत्र्याची कड कागदात दबते आणि चित्राभोवती आयताकृती वळ उमटतो. तीन, चित्र उलटं होतं, आरशात दिसावं तसं. पत्र्यावरचा उजवा हात कागदावर डावा होतो. म्हणून काळजी घेणारा कोरक्या आधीच उलटं कोरतो, आणि घाई करणाऱ्याच्या चित्रात लोक डावखुरे होतात. कोरमचं कुठलंही छापील चित्र हाती आलं तर मोहर कोणत्या हातात आहे ते आधी बघावं. होगार्थच्या चित्रात ती उजव्या हातात आहे.

मात्र सगळे पत्रे रेघांनी खोदत नसत. मॅकार्डेलने वापरली ती पद्धत मेझोटिंट, आणि ती समजायला आपला पाटा-वरवंटा पुरेसा आहे. नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावर बारीक बारीक खळगे असतात. चटणी वाटून पाटा पुसला तरी त्या खळग्यांत थोडी चटणी राहतेच. पाटा झिजून गुळगुळीत झाला की काही राहत नाही. मेझोटिंटचा कारागीर आधी सगळ्या पत्र्याला अशीच टाकी लावतो. त्याचं हत्यार असतं कंगव्यासारखी दातेरी, अर्धगोल पात्याची पट्टी. ती आडवी, उभी, तिरकी डोलवत तो हजारो बारीक टोचे मारतो. असा पत्रा शाई लावून छापला तर कागद मखमलीसारखा काळाभोर निघतो. मग तो उजेडाच्या जागा घासून गुळगुळीत करत जातो. थोडं घासलं की करडं, जास्त घासलं की फिकट, पूर्ण गुळगुळीत केलं की कागदाचा कोरा पांढरा. म्हणजे तो अंधाराकडून उजेडाकडे चित्र काढतो.

आता कोरमकडे परत पाहा. तांबडा कोट काळ्या शाईत तांबडा कसा दाखवणार? दाखवताच येत नाही. कोरक्याला रंग वजा करून त्याचा गडदपणा तेवढा पकडावा लागतो: कापडाच्या घड्यांवरची चकाकी, बाहीच्या आतला काळोख, आणि सगळ्यांत जास्त घासून काढलेली जागा म्हणजे डोक्यावरचे पांढरे केस. हे नुसत्या नकलेचं काम नाही. एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगण्याइतकी समज त्याला लागते. डब्लिनहून आलेला मॅकार्डेल तेव्हा विशीच्या आसपासचा होता. पुढे जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या चित्रकाराची कीर्ती पसरली ती बरीचशी त्याच्याच पत्र्यांमुळे.

मेझोटिंटचा दोष एकच, पण मोठा. रुळांच्या दाबाखाली टोच्यांची टोकं लवकर झिजतात. शंभर-दोनशे ठशांनंतर काळ्याची मखमल उतरून करडी होऊ लागते. पत्र्याला पुन्हा टाकी लावून तो ताजा करता येतो, पण मग ते हात दुसऱ्याचे असतात आणि चेहरा थोडा दुसराच होतो.

५. ठिपक्यांचा कोरम

१७९६ मधला नटरचा कोरम बघितला की जाणवतं ते सौम्यपण. ही पद्धत स्टिपल, म्हणजे ठिपक्यांची. गालांवर, कपाळावर बारीक ठिपके दाट-विरळ पेरून सावली आणायची. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडमध्ये या पद्धतीची चलती होती. चेहऱ्याची कातडी तिच्यात मऊ उतरते.

इथे एक फसगत टाळायला हवी. वर्तमानपत्रातला छापील फोटोही ठिपक्यांचाच असतो. पण तो यंत्राने केलेला, १८८० नंतरचा. भिंगाखाली त्याचे ठिपके शिस्तीत, सरळ रांगांत दिसतात. हाताने मारलेले ठिपके लहान-मोठे, वेडेवाकडे असतात, आणि गालाची गोलाई जिकडे वळते तिकडे वळतात. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग एवढ्याला पुरतं.

६. खालची अक्षरं

चित्राच्या खाली बारीक अक्षरांत मजकूर असतो. बहुतेक लोक तो वाचत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त माहिती तिथेच असते. डाव्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचं नाव आणि पुढे ‘पिंक्सिट’, म्हणजे याने रंगवलं. उजव्या कोपऱ्यात कोरक्याचं नाव आणि ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘फेसिट’, म्हणजे याने कोरलं, याने केलं. मधे ज्याचं चित्र त्याचं नाव आणि पदवी. सगळ्यांत खाली प्रकाशकाचं नाव, कधीकधी दुकानाचा पत्ता, आणि तारीख.

ही तारीख तिथे का असते, याची गोष्ट पुन्हा होगार्थपाशीच जाते. १७३२ मध्ये त्याची एक चित्रमालिका लंडनमध्ये तुफान गाजली आणि लगेच चोरट्या नकला बाजारात आल्या. कष्ट त्याचे, पैसा दुसऱ्यांचा. त्याने इतर कोरक्यांना जमवून पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये कायदा झाला: छापील चित्राच्या मालकाला चौदा वर्षं हक्क, पण पत्र्यावर मालकाचं नाव आणि पहिल्या प्रकाशनाचा दिवस कोरलेला हवा. लोक आजही याला होगार्थचा कायदा म्हणतात. आपल्या चित्रांच्या नकला थांबाव्यात म्हणून झगडलेल्या या माणसामुळे आज आपल्याला जुन्या इंग्रजी छापील चित्रांचा काळ सांगता येतो.

फक्त एक ध्यानात ठेवायचं. ती तारीख पत्र्याची आहे, कागदाची नाही. पत्रा विकला जातो, वारशाने जातो, आणि नवा मालक पन्नास वर्षांनीही त्यावरून छापू शकतो. खुद्द होगार्थने कोरलेले पत्रे त्याची विधवा जेन वारल्यानंतर बॉयडेल या प्रकाशकाकडे गेले आणि तिथून पुन्हा छापले गेले. १८२२ मध्ये ते डागडुजी करून आणखी एकदा निघाले.

७. एक हिशेब करून पाहू

समजा, तुमच्या हाती कोरमचा एक कागद आला. खाली मॅकार्डेलचं नाव आहे, भोवती पत्र्याचा वळ आहे. कागद उजेडासमोर धरला. अंग एकसारखं, गुळगुळीत, आत रेघा नाहीत. कोटाच्या सावल्या काळ्या असायला हव्या तिथे धुरकट करड्या आहेत.

आता विचार करा. १७५० च्या आधीचा युरोपीय कागद तारांच्या चाळणीवर बनत असे आणि त्या तारांच्या जवळजवळ रेघा उजेडात दिसतात. रेघा नसलेला कागद इंग्लंडमध्ये व्हॉटमनच्या गिरणीत १७५० च्या दशकात बनू लागला आणि छापील चित्रांसाठी तो सर्रास वापरात आला शतकाच्या अखेरीस. म्हणजे १७४९ मध्ये कोरलेल्या पत्र्याचा हा ठसा त्या वर्षी निघालेला असू शकत नाही. करड्या सावल्याही तेच सांगतात: पत्रा झिजला होता. निष्कर्ष, पत्रा अस्सल, ठसा उशिराचा.

उलट तर्क मात्र चालत नाही. रेघांचा कागद पुढेही बनत राहिला, म्हणून नुसत्या रेघांवरून ठसा जुना ठरत नाही. पत्र्याचा वळही एकटा पुरावा नाही, कारण फोटोवरून तयार केलेल्या पत्र्यांनाही तो येतो आणि काही छापखाने शोभेसाठी मुद्दाम कोरा वळ दाबत. भिंग, उजेड आणि अक्षरं यांची साक्ष एकत्र घ्यावी. दोन जुळल्या आणि तिसरी फिरली तर थांबावं.

८. चित्रात कोण नाही

कोरमच्या व्यक्तिचित्रात एकही मूल नाही, एकही आई नाही. होगार्थला ती काढता येत नव्हती असं नाही. १७३९ मध्ये संस्थेसाठी वर्गणी गोळा करायच्या कागदाच्या माथ्यावर त्याने एक लहान चित्र दिलं होतं, त्यात कोरम मुलांच्या घोळक्यात उभा आहे आणि जवळ एक हवालदिल आई आहे. पैसे मागताना मुलं पुढे होती. संस्थापकाचं स्मारक करताना ती चौकटीबाहेर गेली. संस्थापकांच्या बहुतेक चित्रांचं असंच होतं, म्हणून चित्राशेजारी संस्थेची हकीकत ठेवावी लागते.

ती हकीकत कठीण आहे. मुलं आणणाऱ्या बायका जागांपेक्षा कितीतरी जास्त येऊ लागल्या, तेव्हा १७४२ पासून सोडत सुरू झाली. पिशवीत पांढरे, तांबडे, काळे चेंडू. जागा वीस आणि बायका शंभर असतील तर पांढरे वीसच. पांढरा आला तर मूल तपासणीनंतर आत. तांबडा आला तर थांबायचं, आत गेलेलं एखादं मूल आजारी निघालं तर संधी. काळा आला की मुलाला घेऊन परत. पाहायला तालेवार पाहुणे जमत, हे वाचताना आजही राग येतो.

आत घेतलेल्या मुलाचं नाव बदललं जाई. आईला पुढे कधी मूल परत न्यायचं झालंच तर ओळख पटावी, म्हणून ती काहीतरी ठेवून जाई: अर्धं कापलेलं नाणं, फीत, कापडाचा तुकडा. १७५६ मध्ये पार्लमेंटने पैसा दिला तो येईल त्या प्रत्येक मुलाला घेण्याच्या अटीवर. चार वर्षांत सुमारे १५,००० मुलं आली आणि त्यांतली दोन तृतीयांशांहून जास्त दगावली. १७६० मध्ये ती योजना बंद झाली.

कोरमने ती योजना पाहिली नाही. तो २९ मार्च १७५१ रोजी वारला. त्याआधीच, १७४२ च्या सुमाराला, इतर विश्वस्तांशी बिनसून तो कारभारातून बाहेर फेकला गेला होता आणि अखेरची वर्षं हितचिंतकांनी जमवलेल्या वर्गणीवर जगला. मॅकार्डेलचं छापील चित्र निघालं तेव्हा सनदेची मोहर धरलेल्या त्या हाताला संस्थेत कसलाच अधिकार उरला नव्हता. अंत्यसंस्कार मात्र संस्थेच्याच प्रार्थनागृहात झाला.

मराठी वाचकाला ही हकीकत परकी वाटू नये. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी तसंच गृह सुरू केलं. इथे विधवांच्या बाळंतपणाचा प्रश्न होता, परिस्थिती निराळी होती, पण आक्षेप लंडनमधलाच होता: याने अनीती वाढेल.

९. कात्री आणि चौकट

मेझोटिंट आपल्या पाहण्यातलंही आहे. इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारात १७९० चा तह करताहेत, ते थॉमस डॅनियलचं चित्र मराठी इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी असतं. चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये त्याचं मेझोटिंटच केलं होतं. त्याच मॅलेटच्या प्रोत्साहनाने नाना फडणवीसांनी तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरवून घ्यायला सुरुवात केली होती, आणि नानांच्या पश्चात ते काम मिरजेत १८०५ मध्ये पुरं झालं.

जुन्या छापील चित्रांचा मोठा शत्रू कात्री. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर या पाद्र्याने इंग्लंडमधल्या नामवंतांच्या छापील चित्रांची वर्गवारी करणारं पुस्तक काढलं आणि संग्राहकांना वेड लागलं. चेहरे कापायचे आणि दुसऱ्या पुस्तकांत चिकटवायचे. पत्र्याचा वळ गेला, तारीख गेली, कोरक्याचं नाव गेलं. आज बाजारात येणारी कितीतरी जुनी व्यक्तिचित्रं अशी समासाविना असतात.

आपल्याकडे हेच काम चौकटवाला करतो. शाळा, वाचनालयं, धर्मादाय दवाखाने यांच्या भिंतींवर संस्थापकांची जुनी छापील चित्रं आहेत आणि चौकटीत ‘नीट बसावीत’ म्हणून त्यांची खालची पट्टी कापलेली किंवा पुठ्ठ्याआड दडपलेली असते. चौकट बदलायची वेळ आली तर कागद कापू देऊ नका, पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवू देऊ नका. आधी पुढची आणि मागची बाजू, खालच्या अक्षरांसकट, फोटो काढून ठेवा. मागचा पुठ्ठा आम्लरहित मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागदाला तपकिरी करतो. काच थेट कागदाला टेकू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात मधे दमट हवा कोंडून बुरशी धरते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, आणि त्यावर ऊन पडत असेल तर जागा बदला.